पाचरीची जाड बाजू

गाडी घेऊन गेलं की काकाजी आधी तुमची चप्पल मागायचे.

"काढा."

"काय काढू?"

"चप्पल. गाडी कुठं पळून नाही जात."

मग चप्पल उलटी करायची, टाचेवरून अंगठा फिरवायचा, एक डोळा मिटून ती उन्हात धरायची आणि निकाल द्यायचा. "तुम्ही डावा पाय घासता. गाडी डावीकडं ओढते म्हणता ना, तं अर्धी तुम्हीच ओढून राहिले. उरलेली मी पाहतो." निम्मी गिऱ्हाइकं इथंच तापायची. आमच्या ठेकेदारसाहेबांनी तर पायातला बूट काढायला साफ नकार दिला. काकाजींनी वाद नाही घातला. साहेबांच्या जीपचा नंबर तेवढा चार गाड्या मागं गेला.

नागपूरच्या नंदनवन भागात तेव्हा प्लॉट जास्त आणि घरं कमी. त्यातल्या एका प्लॉटवर कडूनिंबाखाली काकाजींची फरशी होती. बोर्ड नाही, नाव नाही, एक फरशी फक्त. रोज सकाळी ते तिच्या मधोमध लोटाभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून बघायचे. पाणी चारी बाजूंना सारखं पसरलं तर धंदा सुरू. एखाद्या बाजूला जरा जास्त धावलं तर त्या दिवशी गाड्या बंद, फरशी उखडायची, खाली वाळू सारायची. बाहेर सहा जीपा हॉर्न मारत उभ्या असल्या तरी बंद. "जमीनच वाकडी, मंग गाडीले काय दोष देता?"

मूळचे ते विणकर. हातमाग मोडीत निघाला आणि हा माणूस चाकांकडं वळला, पण धागा काही सुटला नाही. चाकं सरळ आहेत का हे बघायला बाकीचे मिस्त्री लोखंडी पट्टी लावत. काकाजी गाडीच्या दोन्ही अंगांनी रेशमाचा धागा ताणून बांधायचे, बोटानं छेडायचे, कान लावायचे, आणि मगच धागा आणि टायर यांच्यातली फट मोजायचे. माप काडेपेटीच्या काडीचं. पुढची दोन चाकं तोंडाशी एकमेकांकडं किंचित झुकलेली लागतात, ती किती, तर "एक काडी आत". इंच, मिलिमीटर त्यांना कळायचे, पण आवडायचे नाहीत.

"लुगड्याचा काठ सरळ तं लुगडं सरळ," म्हणायचे. "गाडीले चार काठ असतात, इतकाच फरक. आणि धागा कधी खोटं नाही बोलत."

आणि एवढा चाकांचा जाणकार माणूस कधी गाडीत बसत नसे. चालवणं तर सोडाच. त्यांना गाडी लागायची. शंभर पावलं गेली की मळमळायचं, दोनशेला गाडी थांबवावी लागायची. सगळ्या विदर्भातल्या जीपांचं स्टेरिंग सरळ करणारा माणूस इतवारीच्या बाजारात सायकलनं जायचा.

आता गंमत बघा. गाडीत बसायचं नाही, तर स्टेरिंग कसं हालतं ते कळणार कसं? गिऱ्हाइकाला विचारून. आणि गिऱ्हाईक काय सांगणार?

"लई हालते जी."

"लई म्हणजे किती?"

"म्हणजे... लईच."

काकाजी कपाळावर हात मारायचे.

इथं माझी एन्ट्री. मी सावनेरचा. शाळा तिथलीच, मार्कही तिथलेच, तालुक्याबाहेर नेऊन दाखवण्यासारखे नव्हते. पण नकला मी मास्तरांच्या करायचो, तहसीलदारांच्या करायचो, उसाच्या रसवंतीच्या घुंगरांच्यासुद्धा करायचो. पुढं ठेकेदारसाहेबांकडं ट्रकवर ड्रायव्हर लागलो. साहेब कोळशाच्या खाणींना लाकडाचे टेकू पुरवायचे. स्वतः राहायचे नागपुरात धरमपेठेत, पण माल, ट्रक, ड्रायव्हर सगळं सावनेरला. पहिल्यांदा ऑफिसची एक जुनी जीप घेऊन काकाजींकडं गेलो तेव्हा वय बावीस, आणि जीभ त्याहून लहान.

"कसं हालते?" काकाजींनी विचारलं. चप्पल बघून झाली होती.

सांगायला शब्द नव्हते, म्हणून मी करून दाखवलं. दोन्ही हातांत नसलेलं स्टेरिंग धरलं, तोंडानं इंजिन चालू केलं, चाळीसला आणलं आणि हालायला लागलो. मनगट, कोपर, खांदे, शेवटी गाल. आजूबाजूचे ड्रायव्हर हसून हसून फरशीवर बसले. काकाजी हसले नाहीत. जवळ आले. माझ्या मनगटाकडं बघत राहिले.

"ब्रेक मारल्यावर?"

मी ब्रेक मारला. हालणं वाढवलं, मग कमी केलं.

"डावा हात पहिले हालते का उजवा?"

मी आठवून पुन्हा केलं. "डावा, काकाजी."

"डाव्या चाकाच्या खुंट्याचं बेअरिंग गेलं," ते म्हणाले आणि पाना घेऊन खाली शिरले. बेअरिंग खरंच गेलं होतं.

त्या दिवसापासून मी नागपूरला आलो की काकाजी मला सोडत नसत. दुसऱ्यांच्या जीपा मी पारडीच्या रस्त्यावर फिरवून आणायच्या, खाली उतरायचं आणि त्यांच्यापुढं उभं राहून जीप व्हायचं. गिऱ्हाइकांना हा तमाशा फुकट. काकाजी मात्र तो डॉक्टरनं नाडी बघावी तसा बघायचे. "आता खड्डा घे. आता हात सोड. सोडल्यावर सरळ येते का? दाखव ना बे, सांगू नको."

मी काकाजींचीही नक्कल करायचो, अर्थात पाठीमागं. हे त्यांच्या कानावर गेलं. एकदा भर गर्दीत म्हणाले, "माझी नक्कल करतो म्हणे?"

माझं पाणी पाणी झालं.

"कर."

केली. एक डोळा मिटला, चप्पल उन्हात धरली, नाक ओढलं, "एक काडी आत" म्हटलं. काकाजींनी मान हालवली.

"नाक मी डाव्या हातानं ओढतो. तू उजव्यानं ओढलं. अलाइनमेंट नाही जमली." आणि पुन्हा धागा छेडायला लागले.

उंच केलेल्या जीपांवर त्यांचा राग होता. त्या काळी हे फॅड जोरात होतं. मिलिटरीच्या लिलावातली जीप घ्यायची, चाकांजवळच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांमध्ये आणखी पाटे सारायचे, जाड टायर चढवायचे, आणि गाडी हातभर वर उचलायची. जंगलात दगडधोंड्यांवरून न्यायला ते लागायचंही. पण बऱ्याच जणांना उंची लागायची ती बाजारातून जाताना लोकांनी मान वर करावी म्हणून.

"जीपले उंच टाचेच्या सँडली घालून देतात," काकाजी म्हणायचे, "आणि मंग मले इचारतात, लचकते काहून!"

एका पाटलाच्या पोरानं ऐटीत विचारलं, "काकाजी, अजून सहा इंच वर घेता येईन का?"

"येईन ना बाप्पा. पण मंग उंटच घ्या. त्याचं स्टेरिंग कंपनीतूनच नाकात असते."

लचकण्याचं कारण ते सायकलवर समजावायचे. "हा पुढच्या चाकाचा चिमटा पहा. सरळ उभा आहे का? नाही. वरून मागं रेललेला आहे. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपचं पुढचं चाक ज्याच्यावर वळते तो खुंटा असाच मागं रेललेला पाहिजे. तुम्ही गाडी उचलली, खुंटा समोर आला. आता चाकाले कळतच नाही कुठं पाहू. एक खड्डा लागला का थयथय."

त्यावर इलाज पाचर. लोखंडाची, तळहाताएवढी, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. ती पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये घालून आवळायची म्हणजे ॲक्सल कलतं आणि खुंटा पुन्हा मागं रेलतो. जाड बाजू पुढं ठेवायची. वीस वर्षांत काकाजींनी किती घातल्या असतील देव जाणे. अंधारात, बोलता बोलता, दुसऱ्या हातानं पान लावत घालायचे.

पुढं पुढं त्यांना एक नवीच सवय लागली होती. काम झालं की गिऱ्हाइकालाच गाडीखाली झोपवायचे, हातात बॅटरी द्यायचे आणि वरून विचारायचे, "जाड बाजू कुठं आहे?" पांढरेशुभ्र कपडे घातलेले लोक असोत की सुटातले इंजिनियर, खाली गेल्याशिवाय गाडी हालायची नाही. लोक त्याला म्हाताऱ्याचा चक्रमपणा म्हणायचे. मला ती कुठून आली ते माहीत आहे, कारण तिच्यात माझाही हात होता.

झालं असं. ठेकेदारसाहेबांनी जबलपूरहून एक जीप आणली, उंच केलेली, आणि ती सुपूर्द केली नामदेवभाऊंच्या हाती. नामदेवभाऊ म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. पन्नाशीचे, अबोल, सुपारीलाही न शिवणारे. सावनेरजवळच्या एका खेड्यात राहायचे आणि तिथल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. जीपचं हँडल जरा मोकळं वाटतं म्हणून ते ती काकाजींकडं घेऊन गेले. काकाजींनी धागा ताणला, एक काडी आत केली, दोन्हीकडं पाचर घातली, आवळली. त्याच दिवशी सोबत साहेब होते, बूट न काढणारे. चार गाड्या मागं टाकल्याचा राग त्यांच्या तोंडावर होता, आणि घाई करा, घाई करा चाललं होतं.

दोन दिवस जीप जंगलात बैलगाडीच्या चालीनं फिरली. तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊ एकटेच डांबरी रस्त्यानं परत येत होते. दुपारची वेळ, रस्ता रिकामा. जीप रस्ता सोडून तुरीच्या शेतात घुसली, पन्नास पावलं तूर आडवी करत गेली आणि विहिरीच्या अलीकडं चार हातांवर थांबली. नामदेवभाऊंचा एक दात पडला आणि डाव्या हाताचा अंगठा मोडला.

ते एवढंच म्हणाले, "हँडलनं हातच सोडवून घेतला."

त्या संध्याकाळी सावनेरच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही सगळे बसलो होतो. साहेबही आले होते, जीप बघायला. सगळ्यांचे चेहरे लांब. आणि मला असे चेहरे सहन होत नाहीत. मी उठलो. स्टेरिंग धरलं, डोळे जड केले, मान एकदा इकडं, एकदा तिकडं, एक बारीक घोरणं, आणि मग दचकून, "अरे बाप्पा, विहीर!"

टपरी हसून फुटली. साहेब तर इतके हसले की चहा बशीतून मांडीवर. "अस्सा! म्हणजे लागला होता डोळा!"

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊंना घरी बसवलं. आठवड्याभरात गावात झोपेची दारू झाली. मी दारू म्हटलं नव्हतं. झोप म्हटलं होतं, तीही हसवायला. पण सांगणारे आता माझी नक्कल करत होते आणि त्यात बाटली त्यांनी घातली. भजनी मंडळानं नामदेवभाऊंच्या हातातून खंजिरी काढून घेतली. बेवडा माणूस देवापुढं नको.

आणि सावनेरलाच पत्रा ठोकून दुरुस्त केलेली जीप साहेबांनी दिली मला.

मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. ट्रकवरून जीपवर म्हणजे बढती. पहिल्याच दिवशी नागपूरच्या रस्त्यावर पाटणसावंगीच्या पुढं मी तिला चाळीसवर नेलं. एक खड्डा आला, मोठाही नव्हता. आणि स्टेरिंग जिवंत झालं. नुसतं हालणं नाही, कोणी तरी पलीकडून धरून झटके देतंय असं. आरसा सैल होऊन खाली आला. अंगठा मी वेळेवर बाहेर काढला म्हणून वाचला. पाय ब्रेकवर दाबून धरला, गाडी कशीबशी कडेला थांबली. समोर शेत होतं. विहीर नव्हती, एवढंच.

तिथून थेट नंदनवन. सगळा रस्ता वीसनं.

"दाखव," काकाजी म्हणाले.

मी दाखवलं. या वेळी कोणी हसलं नाही, कारण मी हसवत नव्हतो.

"पुन्हा."

पुन्हा केलं.

"हात सैल सोडल्यावर सरळ येते?"

"नाही. जिकडं गेली तिकडंच जाते."

काकाजी बॅटरी घेऊन जीपखाली गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय. पानपट्टीवर जाऊन मी पान खाल्लं, परत आलो, तरी पाय तसेच. मला वाटलं झोपले. वाकून पाहिलं तर ते उताणे पडून वर बघत होते, बॅटरी बंद करून.

बाहेर आले आणि फरशीवर बसले. म्हणाले, "या जीपचे पाटे ॲक्सलच्या वर आहेत."

"मंग?"

"सगळ्या जीपले खाली असतात. जबलपूरवाल्यानं उंची घ्यायले वर बसवले. पाटे खाली असले तं जाड बाजू पुढं. पाटे वर असले तं जाड बाजू मागं." त्यांनी आपला उजवा तळहात वर केला आणि बघितला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. "मी पुढं घातली. हातानं घातली. डोळ्यानं पाहिलीच नाही. आधी थोडी बिघडली होती, मी पुरी बिघडवून दिली."

"पण धागा..."

"धागा खोटं नाही बोलला. त्याले मी हे इचारलंच नव्हतं."

मग म्हणाले, "नामदेव कसा आहे?"

मी सांगितलं. नोकरी, दारू, खंजिरी.

"तो झोपला होता, हे कोणं सांगितलं?"

"सगळेच म्हणून राहिले, काकाजी."

"सगळ्यात पहिले कोणं?"

मी टायरकडं बघितलं. "मी."

"तू पाहिलं होतं?"

"नाही."

मला वाटलं आता पाना डोक्यात बसतो. पण ते फक्त मान हालवत राहिले. "मीबी नाही पाहिलं, तूबी नाही पाहिलं. दोघायच्या मधात तो माणूस पिसला ना गा."

मी जीप सुधारून द्या म्हटलं. त्यांनी हात लावायला नकार दिला. आधी साहेबांना सांगायचं. सायकल काढली आणि धरमपेठ गाठली, मी मागून वीसच्या चालीनं. साहेब झोपाळ्यावर होते. काकाजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं: पाचर उलटी घातली, चूक माझी, ड्रायव्हरची नाही.

साहेब हसले. "काकाजी, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. पण गरीब ड्रायव्हरसाठी स्वतःवर कशाला घेता? वीस वर्षांत तुमची पाचर उलटी गेली नाही."

हा माणूस आयुष्यभर आपलं काम चुकत नाही म्हणून मिरवला, आणि आता चूक कबूल करतो तर कोणी घेईना. काकाजींनी नाक ओढलं. डाव्या हातानं. मी पाहिलं.

"साहेब, उद्या सकाळी नंदनवनात या. पाचर तशीच राहू देतो. तुम्ही स्वतः चालवा."

साहेब आले. चालवायची हौस त्यांना होतीच. काकाजींनी आधीच जाऊन नंदनवनाच्या पुढचा एक मोकळा रस्ता पाहून ठेवला होता, दोन्ही बाजूंना सपाट पडीक जमीन. त्यांनी एका ठिकाणी चुन्याची रेघ मारली, तिच्या पुढं हातभर रुंदीचा खड्डा खणला, आणि साहेबांना म्हणाले, "चाळीसनं या. अंगठे बाहेर ठेवा. पाय ब्रेकजवळ ठेवा."

जीप खड्ड्यावरून गेली आणि मग आम्हाला साहेब दिसले. टोपी उडाली. गाल, खांदे, पोट, सगळं वेगवेगळ्या दिशांना. जीप पडीक जमिनीत उतरली आणि झुडपात थांबली. साहेब बराच वेळ खाली उतरले नाहीत. अशी नक्कल मला जन्मात जमली नसती.

काकाजींनी तासाभरात पाचरी काढून उलट्या केल्या. साहेब काही केल्या पुन्हा बसेनात, म्हणून मी बसलो. तोच खड्डा, तेच चाळीस. हँडल एकदा कुरकुरलं आणि सरळ झालं. मी हात सोडून दाखवले.

साहेबांनी टोपी झटकली. काकाजींकडं न बघता मला म्हणाले, "नामदेवला उद्यापासून जीपवर बोलाव. तू ट्रकवर जा."

मी निरोप घेऊन नामदेवभाऊंच्या गावी गेलो. ते अंगणात बसले होते, अंगठ्याला पट्टी. ऐकून घेतलं. म्हणाले, "येतो कामावर. पोट आहे." मग म्हणाले, "पण इथं मले बेवडा म्हणून राहिले त्याचं काय? त्याची पाचर कोण उलटी करन?"

त्यांची बायको दारातून म्हणाली, "ह्यालेच इचारा ना. ह्यानंच तं बसस्टँडवर नाचून दाखवलं म्हणतात." आणि आत गेली. पाणीही विचारलं नाही.

हे मी काकाजींना सांगायला नको होतं. सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कुठं झाली होती तुझी नक्कल?"

"सावनेरले. चहाच्या टपरीवर."

"बाजार कधी असते?"

बाजाराच्या दिवशी काकाजी सावनेरला आले. बसनं येणं शक्यच नव्हतं. इतवारीहून छोट्या रुळांची गाडी सुटते, रमतगमत जाते, त्या गाडीनं. ती लागत नाही का, मी विचारलं, तर म्हणाले, "तिले स्टेरिंग कुठं आहे?" हातात पिशवी होती. पिशवीत एक पाचर, दोन लाकडी फळ्या आणि एक खिळा.

टपरी भरली होती. नामदेवभाऊंना मी बोलावून आणलं होतं. ते टपरीच्या बाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. त्यांच्या गावचे तीन-चार जण बाकावर होते, भजनी मंडळातला एकजणही होता. काकाजी मधोमध उकिडवे बसले आणि फळ्या मांडायला लागले. या माणसानं आपल्या फरशीबाहेर चार लोकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. आवाज निघेना.

"हा पाटा समजा... हे ॲक्सल..."

"काय विकून राहिले बाबाजी?" कोणीतरी विचारलं. लोक हसले.

"काही नाही विकत. मी... ही पाचर मी उलटी..." पुढचं भज्यांच्या कढईच्या आवाजात गेलं. मंडळातला माणूस पाठ फिरवून बसला.

काकाजींनी वर पाहिलं. माझ्याकडं. "तू कर."

"काय करू?"

"जे झालं ते कर. त्या दिवशी केलं ते नाही."

मी बाकावर चढलो. टपरी लगेच गप्प झाली. माझा लौकिकच तसा होता, काही जण आधीच हसायच्या तयारीत. मी स्टेरिंग धरलं. डोळे उघडे ठेवले, टक्क. इंजिन चालू केलं, चाळीसवर आणलं, आणि काकाजींनी खालून फळी दाबून पाचर दाखवली, "ही जाड बाजू पुढं, मी घातली, मी." मी खड्डा घेतला. माझे हात सुटले, पुन्हा धरले, पुन्हा सुटले. डावा अंगठा मागं वळला. तोंड हँडलवर आपटलं. ब्रेक दाबून मी थांबलो आणि समोर, जिथं विहीर होती तिथं, बघत राहिलो.

कोणी हसलं नाही. भजी तळणाऱ्याचा झारा हवेत राहिला.

"ब्रेक मी त्याच्या पहिले दाबला होता," बाहेरून नामदेवभाऊ म्हणाले. "तुरीत घुसायच्या पहिले."

"पुन्हा कर," काकाजी म्हणाले.

मी पुन्हा केलं. ब्रेक आधी दाबला.

"हं," नामदेवभाऊ म्हणाले. "असं."

मंडळातला माणूस उठला. काकाजींसमोर बसून त्यानं पाचर हातात घेतली, फळ्यांमध्ये घालून पाहिली, काढली, उलटी घालून पाहिली. मग बाहेर नामदेवभाऊंकडं बघून म्हणाला, "गुरुवारी भजनाले येजा. तुमच्या जागी बसवलेल्या पोट्ट्यानं खंजिरीची वाट लावली."

नामदेवभाऊ आत आले. काकाजी फळ्या पिशवीत भरत होते. काकाजींच्या शेजारच्या बाकावरची धूळ नामदेवभाऊंनी पंच्यानं झटकली आणि "बसा" म्हणाले. काकाजी बसले. मी अजून बाकावर उभाच, हात स्टेरिंगवर.

नामदेवभाऊंनी टपरीवाल्याला पट्टी बांधलेला हात दाखवला.

"दोन चहा दे."

मी खाली उतरलो आणि माझा वेगळा सांगितला.